काशामामाचा वायरलेसवरचा पिक्चर

आमच्या शेजारच्या काशामामाच्या लेखी जगात पिक्चर एकच होता. हिंदी, विनोदी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा. त्याचं नाव मामा कधी घेत नसे. ‘पिक्चर’ म्हटलं की तोच, आणि नंतर जे काही निघाले असतील ते सगळे ‘बाकीचे’. आमच्या मुरबे गावात टीव्ही आले, डिश आल्या, मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, पण मामाने दुसरा कुठला पिक्चर नावाजल्याचं मला आठवत नाही. कुणी काही नवीन दाखवायला गेलं तर तो थोडा वेळ डोळे बारीक करून बघायचा आणि विचारायचा, ह्यात कोणी कोणाला मारतं का? मारतं म्हटलं की उठून आपल्या मासळीच्या जाळ्याकडे जायचा.

पिक्चरची गोष्ट म्हणाल तर एवढीशी. शहरातल्या बंगल्यात एक कडक आजी. तिच्या नातीला बघायला मुलगा यायचा असतो आणि त्याच दिवशी पंखा दुरुस्त करायला माणूस यायचा असतो. दोघे एकदमच फाटकात उभे राहतात. आजीची नजर अधू. ती पंखेवाल्याला जावई समजून पाटावर बसवते आणि खऱ्या नवऱ्या मुलाच्या हातात पेचकस देऊन त्याला शिडीवर चढवते. मुलगा भलता भिडस्त. तो चढतो तो उतरतच नाही. खाली पंखेवाल्याचे लाड चाललेत, वर हा घामाने निथळतोय, आणि घरातलं एकेक माणूस येऊन त्याला आणखी एकेक काम सांगतंय. शेवटी सगळे एका पंगतीला जेवतात, पंखेवालासुद्धा. “कोनी वायट नाय त्या पिक्चरात,” असं मामा म्हणायचा आणि म्हणताना त्याला स्वतःलाच नवल वाटत असावं.

हा पिक्चर त्याने तरुणपणी त्याच्या थोरल्या भावाबरोबर, म्हणजे धर्मामामाबरोबर पाहिला. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हाताला काम नाही. दोघे एका सायकलवर डबलसीट बसून बोईसरला गेले, भिजत गेले, ओल्या कपड्यांनी पिक्चर बघितला आणि लगेच पुढच्या खेळाची तिकिटं काढली. परत येताना हसू आवरेना म्हणून सायकल कुंभवलीच्या पुढे शेतात घातली, असं मामा सांगायचा. धर्मामामाच्या हनुवटीवर त्या पडण्याची खूण होती.

पुढे बाप गेला आणि वाटण्या झाल्या. घर, अंगण, झाडं यांचं ठीक झालं. अडलं ते समुद्रातल्या जागेवर. आमच्याकडे डोल जाळं समुद्रात खुंटा ठोकून त्याला बांधतात, आणि ती जागा पिढीजात असते. बापाची जागा चांगली होती, तिथे प्रवाह भरून मासा आणायचा. ती कोणाकडे जावी यावरून दोन भाऊ अंगणात उभं राहून भांडले. धर्मामामा म्हणाला, ह्या जमिनीवर तुझ्याशी एक शब्द बोलायचो नाय. काशामामाने तेच त्याला परत ऐकवलं. दोघांची घरं एका भिंतीला भिंत लावून. अंगण एक. आणि दोघेही शब्दाला असे पक्के की पुढची सगळी वर्षं खरंच बोलले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. मला लहानपणी वाटायचं की भाऊ असेच असतात.

पण आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. भांडण पाण्यावर न्यायचं नाही. तिकडे कोणाचीही हाक आली, शेजारच्या दांडी गावच्या माणसाची असो की सातपाटीच्या, की ओ द्यायची. ह्याला काही अपवाद नाही, कारण इंजिन बंद पडलं किंवा माणूस पाण्यात गेला तर जवळ असेल तोच कामाला येतो. तेव्हा हे दोन भाऊ अंगणात एकमेकांच्या अंगावरून मुक्याने जायचे, आणि किनारा मागे पडला की वायरलेसवर बोलायचे. “धर्मादादा, पानी कसा हाय तिकडं?” “खेचतंय. तू अजून थोडा थांब.” एकदम साधं, जणू काही झालेलंच नाही. परत येऊन बोटी लागल्या की चिखलात पाय टाकताना दोघांची तोंडं बंद व्हायची.

बारावीनंतर कंपनीत लागेपर्यंत मी मामाच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होतो, तेव्हा हे सगळं मी ऐकलेलं आहे. खलाशी कसला, ओझंच. मला बोट लागायची. मामा तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमात. ठेंगणा, काळा, मे महिन्यातही कानटोपी घालणारा, आणि ओरडणं कधी न जमलेला माणूस. कोणी चुकलं तर तो फक्त “बरा हाय, बरा हाय” असं दोनदा म्हणायचा, आणि ते ऐकलं की समजायचं आपण मोठा गाढवपणा केला आहे.

डोल जाळं बांधलं की पाणी उलटेपर्यंत काही करायचं नसतं. पाण्याने मासा आणायचा, माणसाने वाट बघायची. त्या वेळात, दुपारचं जेवण झालं की, मामा वायरलेसचा माइक हातात घ्यायचा आणि पिक्चर सांगायचा. आमच्या बोटीला नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या बोटींना. बटण दाबलेलं असतं तोवर आपण बोलायचं, सोडलं की पलीकडचं ऐकू येतं. मामा आजीचा आवाज काढायचा, पंखेवाल्याचा काढायचा, आणि हसायची जागा आली की बटण सोडायचा. मग त्या खोक्यातून खरखरत, एकावर एक, समुद्रभर पसरलेल्या बोटींतलं हसू यायचं. त्याला सवयच अशी लागली होती की जमिनीवरही बोलण्याआधी त्याचा अंगठा हवेत काहीतरी दाबायचा.

त्या हसण्यात धर्मामामाचं हसू वेगळं ओळखू यायचं. तो आधी खोकायचा. शिडीवरच्या मुलाला घरातला नोकर येऊन “वर आहेस तर जळमटंपण काढ” म्हणतो, ती त्याची जागा. तिथे मामा बटण जरा जास्त वेळ सोडून ठेवायचा. इतर थांबायचे तरी तो एकटा हसत राहायचा, आणि आमचा मामा माइक धरून समोरच्या पाण्याकडे बघत बसायचा. मी त्या वयात बोट लागून आडवा पडलेला असे, पण तेवढा वेळ मलाही बरं वाटायचं.

एकदा ह्या पिक्चरपायी सगळ्यांची वाट लागली. जाळं कधी उचलायचं याला वेळ असते. पाणी स्तब्ध होतं तेवढ्यात ते वर घ्यायचं, नाहीतर प्रवाह उलटतो आणि जाळं स्वतःभोवती पिळलं जातं. त्या दिवशी पिक्चर पंगतीपर्यंत आला होता. मामाला थांबवेना, बोटींना ऐकणं सोडवेना. मुरब्याच्या बोटी, दांडीच्या बोटी, कोणाला पाण्याची आठवण राहिली नाही. जन्मभर पाणी बघणारी ही माणसं पंखा लागतो की नाही या काळजीत होती. जाळी अशी पिळून निघाली की पुढचे कितीतरी दिवस किनाऱ्यावर सगळे ती सोडवत बसले होते. गावच्या मच्छीमार संस्थेने मामाला बोलावून समज दिली, वायरलेस कामासाठी आहे. मामा “बरा हाय” म्हणाला. नंतर त्याने दुसरा चॅनल धरला आणि सगळ्या बोटी तिकडे आल्या, समज देणाऱ्यांचीसुद्धा.

जमिनीवर मात्र त्याने पिक्चर कधी सांगितला नाही. बायका, पोरं, म्हातारे मागे लागायचे, सांग ना काशा. तो म्हणायचा, इथं नाय जमत. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. भिंतीपलीकडे ऐकणारा बसलेला, आणि त्याला तर काही सांगायचं नाही.

मी पुढे तारापूरला एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागलो. पहिल्या वर्षी गेटच्या आत शिरताच नाकात वास घुसायचा, डोकं चढायचं. नंतर वास यायचा बंद झाला. वास जात नसतो, नाक सोडून देतं. तिथल्या कँटीनमध्ये मी एकदा तो पिक्चर मामाच्या पद्धतीने सांगितला. आजी जावयाची परीक्षा घेते ती जागा मी रंगवली. आजी त्याच्यापुढे भिंगाचं कालवण ठेवते, भिंग हा मासा म्हणजे नुसते काटे, आणि पंखेवाला ते बोटांनी असे अलगद काढतो की आजी खूष होऊन म्हणते, घराणं चांगलं आहे. आमच्यातल्या एका यूपीच्या ऑपरेटरने हात वर केला. “अरे भाई, उसमें मछली कहाँ है? वो तो शाकाहारी घर है.” त्याने तो पिक्चर लहानपणी घरच्यांबरोबर बसून इतक्या वेळा बघितला होता की त्याला संवाद पाठ होते.

मी मोबाइलवर पाहिला. मासा खरंच नाही. आजी त्या पंखेवाल्याला भजन म्हणायला लावते. मामाला ते पटलंच नसणार. जावई पारखायचा आणि ताटात मासा नाही, हे त्याच्या डोक्यात बसेना, म्हणून त्याने तो आपल्या गोष्टीत घातला आणि पुढे स्वतःही विसरला. पण पिक्चर बघताना मला एक गोष्ट कळली. तो जुना झालेला नाही. माझ्या बाजूला बसमध्ये बसलेली एक अनोळखी बाई माझ्या मोबाइलमध्ये डोकावून हसायला लागली, आणि तिच्या मांडीवरचं पोर तिच्याकडे बघून हसायला लागलं. कोणाला कमीपणा न आणता माणसांना हसवणं किती अवघड असतं हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा जाणवलं.

काशामामाची बायको, कमळामामी, मी अजून बोटीवर असतानाच गेली. ताप काय आला आणि काय झालं. धर्मामामाने खांदा दिला, शेवटपर्यंत चालत आला, लाकडं रचली, आणि भावाशी एक शब्द बोलला नाही. गावाने दोघांनाही नावं ठेवली. मामा दिवस झाल्यावर पुन्हा बोटीवर आला. किनारा मागे पडला न पडला तोच वायरलेस खरखरला. “काशा. काशा. जेवतोस ना?” मामाने ओ दिली. जेवतो म्हणाला. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर येत राहिली, म्हणजे धर्मामामाने बटण दाबून ठेवलं होतं आणि बोलत नव्हता. आम्ही खलाशी दुसरीकडे बघत होतो.

मग साखरेने मामाचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण बोट हाकण्याइतके राहिले नाहीत. चिंचणीला दिलेली मुलगी येऊन हट्ट धरून बसली आणि बोट विकली गेली. धर्मामामा आपल्या मुलाबरोबर, नरेशबरोबर, अजून जात होता. म्हणजे एक जण पाण्यावर, एक जमिनीवर. दोघांना बोलायला जागाच उरली नाही. हे गावाच्या ध्यानात उशिरा आलं. मामाच्या पहिल्या दिवशीच आलं असणार.

त्याने मला ह्यावर विचारलेले प्रश्न मी हसण्यावारी नेले, पण तो थट्टा करत नव्हता. ओढून वर घेतलेल्या होडीत बसलं तर ते पाणी धरायचं की जमीन? गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर? एकदा तो मला घेऊन बर्फाच्या फॅक्टरीत गेला. तिथे किनाऱ्यावरचा वायरलेस होता. त्याने माइक घेतला आणि हाक मारली. मी त्याला धरून नेलं होतं म्हणून ऐकलं.

“धर्मादादा, धर्मादादा.”

“ओ. काशा? कुठून बोलतंस?”

मामा ‘बोटीवरून’ असं म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं. त्याला खोटं सुचलंच नाही. तो म्हणाला, बर्फाच्या फॅक्टरीतून. पलीकडून काही आलं नाही. मामा वाट बघत उभा राहिला. बर्फ फोडणारी माणसं थांबून बघत होती. मग त्याने माइक जागेवर नीट अडकवला आणि मला म्हणाला, “त्याचा पन बरोबर हाय.” मला दोघांचाही राग आला होता. तेव्हा मला अजून राग यायचा.

धर्मामामाला अर्धांगवायू झाला. बोईसरच्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. काशामामा भिंतीअलीकडे खाट ओढून बसू लागला. आत जात नव्हता. हिरामामी, म्हणजे धर्मामामाची बायको, सगळं निमूट करायची, आणि येता-जाता ह्या दिराकडे बघायचीसुद्धा नाही. नवऱ्याचं मौन तिने जन्मभर सांभाळलं होतं.

एक दिवस मामाने नरेशला गाठलं. पुतण्याशी तो बोलायचा, भांडण पोरांपर्यंत नेलेलं नव्हतं. म्हणाला, पुनवेच्या भरतीला पानी पार वर येतं, बोट अगदी जवळ येल. दादाला उचलून बोटीत ठेवू. मी पन येतो. जरा आत जाऊ आनि परत येऊ. नरेशने कशाला विचारलं नाही. त्याने बोट धुतली, गादी टाकायला जागा केली, चार माणसं सांगून ठेवली. मामाने दाढी करून घेतली. भाऊ बोलू शकणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याला स्वतःला बोलायचं होतं, आणि बहुतेक तो पिक्चर सांगणार होता.

धर्मामामा पुनवेपर्यंत थांबला नाही. नरेशचा फोन आला तेव्हा मी पहिल्या पाळीला होतो. बरं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढचा नमुना तपासायला घेतला. आकडे लिहिले, ते बरोबर होते. सुट्टी टाकून घरी आलो तर सगळं आवरत आलेलं. मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही, आणि मामाकडे बघितलं तर तोही तसाच, लाकडासारखा, कानटोपी घालून अंगणात उभा. कोणी सांगितलं की चालायचा, थांब म्हटलं की थांबायचा.

अस्थी सोडायला बोट काढली तेव्हा सगळ्यांनी त्याला मुद्दाम बरोबर घेतलं. प्रत्येकाच्या मनात एकच होतं, आता तरी बोलेल. किनारा मागे पडला. नरेशने मडकं मामाच्या मांडीवर दिलं आणि सगळे नाळीकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला, सरकले, त्याला मोकळं सोडून. मामाने मडकं धरलं होतं. इंजिन बंद केलं. तो काही बोलला नाही. मग त्याने ते नरेशच्या हातात परत दिलं आणि पुढचं नरेशने केलं. परतताना मी त्याच्या शेजारी बसून विचारलं, मामा, बोलला का नाहीस?

“हाक कुठं आली?” तो म्हणाला. “हाक आली आसती तर ओ दिली आसती.”

दिवस झाले. पाहुणे गेले, नरेश बोटीवर जायला लागला. अंगणात पुन्हा दोन घरांची दोन माणसं राहिली, मामा आणि हिरामामी, आणि मध्ये ती भिंत. अशाच एका दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून दुपारी निघण्याआधी मामाला डोळ्याचं औषध घालायला मी गेलो होतो. भिंतीपलीकडून आवाज आला. आधी मला कळलं नाही कोणाचा, कारण तो आवाज ह्या बाजूला मी कधी ऐकलाच नव्हता.

“काशा.”

औषध त्याच्या गालावर ओघळलं.

“काशा, तुला बोलवते मी. इकडं ये.”

“ओ,” मामा म्हणाला.

मी त्याला धरून तिकडे नेलं. हिरामामीने ओटीवर चटई टाकली होती. चहा पुढे ठेवला, माझ्याही पुढे ठेवला. तिचेही डोळे कोरडेच होते. ती म्हणाली, त्ये दर्यावरून यायचे आनि जेवताना मधीच हसायचे. एकटेच. काय झाला इचारलं की काय नाय म्हनायचे. येवढी वर्सं माझ्या घरात हसले आनि मला ठाव नाय कशाला. तू सांग.

मामाने चहा संपवला. मग सुरुवात केली. जमिनीवर, दिवसाउजेडी, भावाच्या ओटीवर. पहिल्यांदा त्याचा आवाज नीट लागेना. आजीचा आवाज काढायला गेला तर खोकला आला. पण बंगला आला, फाटक आलं, पंखेवाला पाटावर बसला, भिंगाचं कालवण ताटात आलं. हिरामामी हसली नाही. ती परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती. नोकर येऊन शिडीवरच्या मुलाला जळमटं काढायला सांगतो तिथे मामा थांबला आणि म्हणाला, इथं. इथं दादा हसायचा.

हिरामामीने मामाचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

“तो शिडीवरचा बोलत का नाय?” तिने विचारलं. “मी कोन ते सांगायचा. येका वाक्याचं तर काम.”

माझी बस निघायची वेळ झाली होती, पण मी उठलो नाही.

“लाजला आसल सुरवातीला,” मामा म्हणाला. “मंग येळ निगून जाते, वयनी. मंग बोलाला जास्ती लाज वाटते.”

“पन उतरला ना शेवटी?”

“पिक्चरात उतरतो,” मामा म्हणाला, आणि त्याला पुढे सांगता आलं नाही.